मोटारसायकलीच्या विद्युत् जोडांचे संरक्षण

मोटारसायकलीच्या विद्युत् मंडलातील तारा जेथे एकमेकींस अथवा घटमाला, दिवे, भोंगा, स्टार्टर, संवेदक इ. उपकरणांस मिळतात, त्या जागांस विद्युत् जोड म्हणतात. मोटारगाडीतील बऱ्याच जोडांना एंजिनावरील झाकणाचा आडोसा असतो. मोटारसायकलीचे जोड मात्र इंधन टाकीखाली, पुढील दिव्यामागे व बैठकीखाली जवळजवळ उघड्यावर असतात. त्यामुळे पाणी, चिखल व धूळ त्यांच्यापर्यंत सहज पोहोचतात. पाण्याहून अधिक हानी त्यात विरघळलेल्या लवणांमुळे होते. म्हणूनच जोडांच्या संरक्षणात पाणी बाहेर ठेवणे आणि आत शिरलेले लवण काढून टाकणे या दोन्ही गोष्टींना सारखेच महत्त्व आहे.

यवतमाळ जिल्ह्यातील परिस्थिती : हा जिल्हा समुद्रापासून शेकडो किमी. दूर असल्याने कोकण किनाऱ्यावरील खारी हवा येथे नाही. तथापि लवणांचा पुरवठा येथे निराळ्या मार्गाने होतो. जिल्ह्यातील बराच पाऊस जून ते सप्टेंबर या काळात पडतो व कपाशीला खते देण्याचा काळही हाच असतो. खतांची पोती मोटारसायकलीवरून शेतात नेली जातात. ३०° से. तापमानास सापेक्ष आर्द्रता सु. ७३ टक्क्यांहून अधिक झाली की यूरिया हवेतील बाष्प शोषून पाझरू लागतो. मातीतील सूक्ष्मजीवांच्या एंझाइमामुळे यूरियापासून अमोनिया तयार होतो व तो ओलावा आणि ऑक्सिजन यांच्या सान्निध्यात तांब्याला विरघळवितो. पालाशयुक्त खतातील क्लोराइड धातूवरील संरक्षक थर भेदते. काळ्या कापसाच्या जमिनीचा चिकट चिखल पाणी दीर्घकाळ धरून ठेवतो व जोड सुकू देत नाही. उन्हाळ्यातील तीव्र उष्णतेने तारांवरील रबरी टोप्या व चिकटपट्ट्या आधीच कडक होऊन तडकलेल्या असतात. पहिल्या पावसाचे पाणी अशा भेगांतूनच आत जाते.

गंजण्याची क्रिया : दोन भिन्न धातू लवणयुक्त पाण्याने जोडले गेले की त्यांचा लहानसा विद्युत् घट बनतो व अधिक क्रियाशील धातू झिजतो. तांब्याची तार व लोखंडी सांगाडा यांच्या जोडात लोखंड, तर तांबे व ॲल्युमिनियम यांच्या जोडात ॲल्युमिनियम झिजते [→ गंजणे]. ओल्या जोडात विद्युत् दाब असलेल्या टोकाकडून शेजारच्या टोकाकडे प्रवाह झिरपतो व धन बाजूचे तांबे विरघळत जाते. पितळी भांड्यावर चढणाऱ्या कळंकासारखा हिरवट थर हे याचे दृश्य लक्षण होय. तारेच्या बारीक धाग्यांमधील फटींतून केशाकर्षणाने पाणी आवरणाखाली दूरवर जाते. त्यामुळे टोक स्वच्छ दिसत असूनही तार आतून काळी पडलेली असू शकते. तापलेल्या गाडीवर थंड पाण्याचा जोरदार फवारा मारल्यास जोडातील हवा आकुंचन पावते व पाणी आत ओढले जाते.

परिणाम : गंजाचा थर विद्युत् रोध वाढवितो. १२ व्होल्ट, ३५ वॉटचा दिवा सु. ३ अँपिअर प्रवाह घेतो. जोडात केवळ ०·४ ओहम रोध निर्माण झाल्यास १·२ व्होल्ट, म्हणजे एक दशांश दाब, तेथेच खर्ची पडतो. तंतूच्या दिव्याचा प्रकाश दाबाच्या प्रमाणाहून पुष्कळ वेगाने घटत असल्याने तो सु. ३० टक्क्यांनी कमी होतो. पावसाळी रात्री बैलगाडी वा रस्त्यातील खड्डा दिसण्यास लागणारा विलंब या तुटीमुळे वाढतो. स्टार्टरला अनेक दशक अँपिअर प्रवाह लागतो. त्याच्या जोडातील ०·०२ ओहम रोधही ५० अँपिअरला १ व्होल्ट गिळतो. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत स्टेज-६ उत्सर्जन मानकांनंतर बहुतेक नव्या मोटारसायकलींत इंधन अंतःक्षेपण पद्धती आली. तीतील संवेदकांचे संकेत क्षीण असल्याने एक गंजलेला जोडही एंजिन बंद पाडू शकतो.

संरक्षणाचे उपाय : तांब्याच्या भांड्यास कल्हई करतात त्याच तत्त्वावर जोडाच्या टोकांस कथिलाचा मुलामा देतात. मुलामा असलेली टोके खरडून काढू नयेत. बंदिस्त जोडांत सिलिकोन रबराच्या कड्या बसविलेल्या असतात. ‘आयपी ६७’ दर्जाचा जोड १ मी. खोल पाण्यात ३० मिनिटे टिकतो; मात्र कडी फाटल्यास हा दर्जा राहत नाही. तारा नुसत्या पिळून चिकटपट्टी गुंडाळणे अयोग्य होय, कारण उष्णतेने गोंद सुटतो आणि पट्टीखाली पाणी साठते. त्याऐवजी टोक दाबयंत्राने घट्ट आवळून त्यावर आतून गोंद असलेली, उष्णतेने आकसणारी नळी चढवितात.

स्वच्छ व कोरड्या जोडावर सिलिकोन ग्रीजचा पातळ थर लावतात. हे ग्रीज स्वतः विद्युत् निरोधक असले, तरी दाबाखाली धातूशी धातू भिडताना ते बाजूला सरते व फक्त मोकळ्या फटी भरून काढते. ठिणगी पडणाऱ्या बटणांच्या व रिलेच्या स्पर्शबिंदूंवर मात्र ते लावू नये; ठिणगीने त्यापासून निरोधक सिलिका बनते. घटमालेच्या अग्रांवरील पांढरा-हिरवा थर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुऊन, अग्रे कोरडी करून त्यांवर पेट्रोलियम जेली लावतात. सोडा घटमालेच्या आत जाऊ देऊ नये. घटमाला काढताना प्रथम ऋण अग्राची तार सोडवितात व बसविताना ती शेवटी जोडतात.

तपासणी : पावसाळ्यापूर्वी व तो संपल्यावर अशी वर्षातून दोनदा तपासणी पुरेशी ठरते. खत वाहून नेल्यावर गाडी साध्या पाण्याच्या हलक्या धारेने धुऊन वाळवावी. दिवा चालू ठेवून जोडाच्या दोन्ही बाजूंमधील दाब मोजल्यास तो ०·१ ते ०·२ व्होल्टहून अधिक असता कामा नये. गंजलेल्या जोडावर तसेच ग्रीज लावल्यास लवण आतच कोंडले जाते व झीज चालू राहते; म्हणून काळी पडलेली तार चकाकते तांबे लागेपर्यंत कापून नवे टोक बसविणे हाच खरा उपाय होय.