जिवंत असल्याचा पुरावा आणा!

नोव्हेंबर महिना लागला की आमच्या वस्तीतील विहारात रविवारच्या वंदनेनंतर एक वेगळाच कार्यक्रम असतो. त्रिशरण-पंचशील झाले, की माजी सैनिक आणि सैनिकांच्या विधवा आपापल्या पिशव्या उघडून माझ्यापुढे कागद मांडतात. मी पेशाने कारकून. दुसऱ्याचे अर्ज भरून देणे हेच माझे समाजकार्य म्हणा ना! नोव्हेंबर हा हयातीच्या दाखल्याचा महिना. आपण जिवंत आहोत हे पेन्शनरने सरकारला वर्षातून एकदा पटवून द्यायचे. नाही पटले, तर पेन्शन थांबते.

दोन वर्षांपूर्वी अशाच एका मावशींबरोबर मी गेलो होतो. त्यांचे यजमान पलटणीत शिपाई होते. ते गेल्यावर मावशींना कुटुंब पेन्शन लागली. आता हयातीची नोंद यंत्रावर बोट टेकवून होते. पण मावशींचा जन्म गेला वीटभट्टीवर आणि लोकांची भांडी घासण्यात. बोटांवरच्या रेघाच झिजून गेलेल्या. यंत्र काही केल्या ठसा घेईना. समोरच्या साहेबांनी कागदावर सही देतो म्हटले, तर पेन्शनच्या हुकुमात नावाला 'बाई' जोडलेले आणि आधार कार्डावर नुसतेच नाव. साहेब म्हणाले, "ही बाई वेगळी आणि ती बाई वेगळी." मावशी माझ्याकडे वळून म्हणाल्या, "अवो दादा, मी हितं उभी हाय न्हवं? मग आनि कोन पायजे त्यास्नी?"

त्या दिवशी मला एकदम एक इंग्रजी कादंबरी आठवली. जोसेफ हेलर नावाचा अमेरिकन लेखक दुसऱ्या महायुद्धात बाँबफेकी विमानात होता. साठ मोहिमा करून तो परतला आणि १९६१ साली त्याने 'कॅच-२२' ही कादंबरी लिहिली. शब्दकोश मांडीवर घेऊन मला ती वाचायला तीन महिने लागले. आमच्या बी.कॉम.च्या इंग्रजीला तेवढेच झेपते! तीत डॅनिका नावाचा एक लष्करी डॉक्टर आहे. त्याला विमानाची भीती, पण उड्डाणाचा भत्ता हवा. म्हणून तो न उडताच विमानाच्या यादीत आपले नाव घालून घेतो. एके दिवशी ते विमान कोसळते. डॉक्टर खाली जमिनीवर सगळ्यांबरोबर उभा राहून बघतो आहे. पण यादीत नाव आहे, म्हणजे तो मेला! पगार बंद, रेशन बंद. घरी बायकोला मृत्यूची तार जाते, पाठोपाठ विम्याचे पैसे येतात. मी जिवंत आहे असे तो तिला कळवतो. पण लष्कराकडून छापील सांत्वनपत्र येते आणि ती बिचारी छापील पत्रावर विश्वास ठेवून पोरांसह दुसऱ्या गावी निघून जाते, मागे पत्तासुद्धा न ठेवता.

ही गोष्ट मी विहारात सांगितली, तेव्हा बायका पदर तोंडाला लावून हसल्या. मग एकजण म्हणाली, "आमचं तरी काय येगळं हाय?" आणि सगळ्या गप्प झाल्या.

बुद्धाच्या अनुयायाने युद्धाच्या कादंबऱ्या वाचाव्यात कशाला, असे एका ज्येष्ठ उपासकांनी मला विचारले. प्रश्न रास्त आहे. पण या कादंबऱ्या युद्धाचे पोवाडे गात नाहीत. गणवेशाच्या आत बसलेल्या कारकुनाला त्या उघडा पाडतात, आणि मी त्याच जातकुळीचा असल्यामुळे मला त्या जास्तच समजतात.

दुसरी कादंबरी चेक भाषेतली, यारोस्लाव हाशेक याची. तो पहिल्या महायुद्धात ऑस्ट्रियाच्या फौजेत होता. १९२१ पासून त्याने शिपाई श्वेइकची गोष्ट लिहायला घेतली आणि ती अपुरी ठेवूनच १९२३ मध्ये वारला. या श्वेइकला लष्कराच्याच डॉक्टरांनी 'ठार मूर्ख' असा दाखला देऊन घरी पाठवलेले असते. पुढे युद्ध पेटते, माणसे कमी पडतात, आणि सरकार तो दाखला विसरून त्यालाच पुन्हा बोलावते. संधिवाताने पाय धरलेले, तरी हा पठ्ठा चाकाच्या खुर्चीत बसून भरतीला निघतो. तिथले डॉक्टर त्याला ढोंगी ठरवतात आणि एनिमा देऊन त्याची देशभक्ती तपासतात!

नालायक म्हणून दाखला द्यायचा आणि गरज पडली की हाक मारायची. ही गोष्ट वाचताना मला प्राग शहर नव्हे, भीमा नदीचा काठ दिसत होता.

१ जानेवारी १८१८ च्या लढाईनंतर कोरेगावला इंग्रजांनीच विजयस्तंभ उभा केला. त्यावर मेलेल्यांची नावे कोरली. त्यांत शेवटी 'नाक' असलेली नावे कितीतरी. सरकारने स्वखर्चाने, दगडात केलेली ही नोंद. त्याच सरकारच्या फौजेत १८८५ ते १८९३ या काळात लॉर्ड रॉबर्ट्स सरसेनापती होते. काही जाती लढाऊ आणि बाकीच्या बिनलढाऊ, हा सिद्धांत त्यांना फार प्रिय. १८९२ च्या सुमारास महारांची भरती बंद झाली. म्हणजे दगड सांगतो लढले, फाईल सांगते लढाऊ नाहीत. कचेरीत दगड आणि फाईल यांचे भांडण लागले तर कोण जिंकते, हे मी तुम्हाला सांगायला नको. शिवाय भरतीच नाही, तर पराक्रम दाखवायचा कुठे? आणि पराक्रम दाखवला नाही, म्हणून भरती नाही. हेलर जन्मायच्या तीस वर्षे आधीचा हा आमचा कॅच-२२!

ही नुसती मानाची गोष्ट नव्हती. पलटण म्हणजे रोख पगार, पेन्शन आणि शाळा. बाबासाहेबांचा जन्म १४ एप्रिल १८९१ चा, महूच्या छावणीतला. त्यांचे वडील रामजी सुभेदार लष्करी शाळेचे मुख्याध्यापक होते. ते दार बंद झाले तेव्हा किती घरांतली पाटी-पेन्सिल बंद झाली असेल! म्हणूनच गोपाळबाबा वलंगकरांनी, स्वतः पलटणीतले पेन्शनर असून, १८९४ मध्ये याविरुद्ध अर्ज तयार केला. शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० मध्ये थेट लंडनला, भारतमंत्र्यांकडे दाद मागितली. अर्ज, पुन्हा अर्ज.

मग काय झाले? महायुद्धात माणसे कमी पडू लागली आणि १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभी राहिली. बिनलढाऊ माणसे एका रात्रीत लढाऊ झाली! युद्ध संपले आणि १९२१ मध्ये पलटण मोडली. श्वेइक याहून वेगळा कुठे आहे? पुढे दुसरे महायुद्ध आले. जुलै १९४१ मध्ये बाबासाहेब व्हाइसरॉयच्या संरक्षण सल्लागार समितीवर गेले, त्यांनी हा विषय लावून धरला, आणि १ ऑक्टोबर १९४१ रोजी आपल्या कोल्हापूरपासून काही तासांच्या वाटेवर, बेळगावला, महार रेजिमेंट उभी राहिली. ती मात्र कोणाला मोडता आली नाही. याच रेजिमेंटमधून जनरल कृष्णा राव आणि जनरल सुंदरजी हे दोन लष्करप्रमुख झाले. १९८७ मध्ये श्रीलंकेत धारातीर्थी पडलेले मेजर रामस्वामी परमेश्वरन याच रेजिमेंटचे. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले. फाईल लिहिणाऱ्याने हे वाचायला हवे होते.

मावशींचे पुढे काय झाले ते सांगतो. दोन्ही नावे एकाच बाईची, असे प्रतिज्ञापत्र केले. यजमानांच्या पत्र्याच्या ट्रंकेत, जुन्या वर्दीखाली, लग्नाची नोंद असलेला पलटणीचा हुकूम सापडला. त्याला जोडून अर्ज पाठवला. तो एकदा सही चुकीच्या जागी आहे म्हणून परत आला. सात महिने पेन्शन नव्हती. तेवढ्या काळात रक्तदाबाच्या गोळ्या एक दिवसाआड झाल्या आणि नातवाची फी थकली. आठव्या महिन्यात थकबाकीसह पैसे जमा झाले. पासबुक दाखवायला त्या विहारात आल्या तेव्हा म्हणाल्या, "दादा, आता मी जित्ती झाले."

ज्यांच्या घरी कोणी फौजेत होते वा आहे, त्यांनी एवढे करावे. डिस्चार्ज बुक, पेन्शनचा हुकूम आणि नवरा-बायकोचा एकत्र फोटो एका पिशवीत ठेवावा. लग्नाची व मुलांच्या जन्माची नोंद पलटणीच्या दप्तरी झाली आहे का, हे माणूस नोकरीत असतानाच पाहावे. सुनेचे नाव तिथे जसे लिहिले असेल, तसेच आधार कार्डावर आणि बँकेत आहे का, ते अक्षर न अक्षर ताडून पाहावे. काही अडले तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जावे. किंवा रविवारी वंदनेनंतर विहारात यावे. मी चष्मा आणि दोन पेन घेऊन बसलेला असतो.