भेंडीचे फूल, पाकिटाचे अस्तर

लग्नसराई संपली की घराघरांत पत्रिकांचा गठ्ठा उरतो. मुहूर्त टळून महिने झालेले असतात, तरी पत्रिकेवरचा सोनेरी गणपती रद्दीत टाकायला हात धजावत नाही. मग घरातले कुणीतरी कात्री घेते, गणपती अलगद कापून वहीत जपून ठेवते आणि पत्रिकेच्या कोऱ्या पाठीच्या पट्ट्या करून ठेवते. दिवाळी तोंडावर आली की तोच गणपती नव्या शुभेच्छापत्रावर विराजमान होतो. ठसे आणि कागदाची कात्रणे यांतून शुभेच्छापत्र घडवण्याची कला बहुतेक ठिकाणी अशीच, उरलेल्या कागदातून सुरू झाली आहे.

आधी माणसे हाताने कार्डे करत, मग छापील कार्डे आली आणि हातकाम मागे पडले, असे सर्रास मानले जाते. इतिहास मात्र वेगळे सांगतो. छपाई जसजशी स्वस्त होत गेली, तसतसे हातकामाला नवनवे साहित्य मिळत गेले. छापखान्याचा उरलासुरला माल हाच या कलेचा कच्चा माल. शिवाय ज्यांना चित्र काढता येत नाही त्यांच्यासाठी ही कला आहे, आणि तिच्या लोकप्रियतेचे खरे कारण तेच आहे. ब्रश हातात धरायला कचरणारा माणूस ठसा मात्र बिनधास्त उमटवतो.

छापील कार्डाची सुरुवातच पाहा. इंग्लंडमध्ये 1840 साली एका पेनीत कुठेही पत्र पाठवण्याची सोय झाली. या सुधारणेसाठी झटणाऱ्यांपैकी एक हेन्री कोल. पत्रे स्वस्त झाली आणि त्यांना उत्तरे देता देता माणसे थकू लागली. कोल यांनी 1843 साली चित्रकार जॉन कॅलकॉट हॉर्स्ली यांच्याकडून एक चित्र करून घेतले आणि त्याची नाताळ कार्डे छापली. एका कार्डाची किंमत एक शिलिंग, म्हणजे त्या काळच्या मजुराला न परवडणारी. हे कार्ड शिळाछापाचे होते, पण त्यातले रंग हाताने भरलेले होते. पहिले छापील नाताळ कार्ड म्हणून जे ओळखले जाते, तेही असे हातातूनच गेलेले.

त्याच्याही आधी, 1772 साली, मेरी डिलेनी या इंग्रज बाईंनी वयाच्या बहात्तराव्या वर्षी कागद कापून फुले करायला घेतली. पुढच्या दहा वर्षांत त्यांच्या हातून जवळजवळ हजार फुले झाली. काळ्या कागदावर एकेक पाकळी, एकेक पुंकेसर वेगळे कापून चिकटवलेले, आणि वनस्पतिशास्त्राच्या अभ्यासकांनीही दाद द्यावी इतके नेमके. भिंतीचे कागद रंगवणाऱ्या कारागिरांकडून त्या रंग पसरून बिघडलेले तुकडे विकत घेत, कारण पाकळीवरची छटा त्या डागांत सापडे. ही फुले आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. ती शुभेच्छापत्रे नव्हेत, पण बिघडलेल्या कागदाकडे कसे पाहावे याचा याहून चांगला धडा नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जर्मन छापखान्यांनी कात्रणांचाच उद्योग उभारला. रंगीत शिळाछापाने छापलेली, दाबून उठाव आणलेली आणि साच्याने कापलेली फुले, देवदूत, पक्षी, बाळे अशी चित्रे तावच्या ताव भरून युरोपभर विकली जाऊ लागली. चित्रे एकमेकांना कागदाच्या बारीक पट्ट्यांनी जोडलेली असत. हवे ते तोडून घ्यायचे. मुली ती वहीत चिकटवत, कार्डावर लावत. छपाई यंत्राची, मांडणी हाताची, ही वाटणी तेव्हाच पक्की झाली.

या वाटणीचा सगळ्यात मोठा लाभ उठवला तो अमेरिकेतल्या एस्थर हाउलँड हिने. मॅसॅच्युसेट्समधल्या वूस्टर गावी तिच्या वडिलांचे लेखनसाहित्याचे दुकान होते. माउंट होल्योकमधून 1847 साली शिक्षण संपवून ती घरी आली आणि त्याच सुमाराला इंग्लंडहून आलेले एक व्हॅलेंटाइन कार्ड तिच्या पाहण्यात आले. कागदी लेस, कापलेली फुले, थरावर थर. असे आपणही करू शकू, असे तिला वाटले. वडिलांनी लेसचा कागद आणि रंगीत कागद मागवून दिला. तिने काही नमुने केले आणि भाऊ मालाच्या फेरीला निघाला तेव्हा ते त्याच्या पेटीत ठेवले. दोनशे डॉलरची मागणी आली तरी खूप, अशी तिची अपेक्षा होती. भाऊ पाच हजारांहून अधिक डॉलरची मागणी घेऊन परतला, असे सांगितले जाते. मग तिने मैत्रिणींना बोलावून घरातच काम मांडले. एकीने चित्रे कापायची, दुसरीने पार्श्वभूमी जुळवायची, तिसरीने चिकटवायचे. पांढऱ्या लेसखाली रंगीत कागदाचा तुकडा सरकवला की जाळीतून रंग डोकावतो, ही तिची खास लकब. थरांच्या मागे कागदाच्या घडीव स्प्रिंगा लावून ती चित्राला उंची देई. पुढे न्यू इंग्लंड व्हॅलेंटाइन कंपनी या नावाने वाढलेला हा व्यवसाय तिने 1880च्या दशकाच्या सुरुवातीला जॉर्ज व्हिटनी यांना विकला.

हाउलँडने एकही चित्र स्वतः काढून छापले नाही. दुसऱ्यांनी छापलेल्या तुकड्यांतून तिने आपला ठसा निर्माण केला. आज कार्डे करणाऱ्या हजारो हातांची पद्धत हीच आहे.

ही कला सुखवस्तू घरांपुरती, असे कुणाला वाटत असेल तर त्याने माँट्रियलच्या होलोकॉस्ट म्युझियममधली एक वस्तू पाहावी. ऑशविट्झच्या छळछावणीतल्या कैदी स्त्रियांना दारूगोळ्याच्या कारखान्यात कामाला जुंपले होते. त्यांतल्या फानिया नावाच्या मुलीला 12 डिसेंबर 1944 रोजी वीस वर्षे पूर्ण होत होती. तिच्याच वयाच्या झ्लात्का नावाच्या मैत्रिणीने लपूनछपून तिच्यासाठी कार्ड केले. बदामाच्या आकाराची छोटी घडीची वही, वरून जांभळे कापड, त्यावर नारिंगी धाग्याने काढलेले फानियाच्या नावाचे आद्याक्षर. गोंद नव्हता, म्हणून पाव पाण्यात कालवून चिकी केली, आणि तीही जिथे पावाच्या तुकड्यावर जीव तगत होता अशा जागी. पाने उलगडली की फुलासारखी पसरतात. पोलिश, जर्मन, फ्रेंच, हिब्रू अशा निरनिराळ्या भाषांत सोबतिणींनी शुभेच्छा लिहिल्या. सापडले असते तर शिक्षा मरणाची होती. फानिया ते अंगावर लपवून वाचली, आणि कार्डही वाचले.

हॉलंडमधली दोन तंत्रे तर थेट केरात जाणाऱ्या कागदातून आली. बँकेची पत्रे ज्या पाकिटांतून येतात त्यांच्या आत निळी-करडी नक्षी छापलेली असते, बाहेरून मजकूर दिसू नये म्हणून. हे अस्तर कापून, पट्ट्या दुमडून, एकीवर एक चक्राकार लावत गेले की कॅमेऱ्याच्या झडपेसारखी आकृती तयार होते. आयरिस फोल्डिंग म्हणतात ते हेच, आणि त्यासाठी कात्री, चिकटपट्टी आणि आकड्यांचा आराखडा एवढेच लागते. दुसरे तंत्र चहाच्या पुडीच्या वेष्टनाचे. टिनी व्हॅन डर प्लास या डच बाईंनी 1992 साली बहिणीच्या वाढदिवसासाठी कार्ड करताना चहाच्या पुडीचा रंगीत कागद घड्या घालून पाहिला. सारख्या घड्यांचे आठ तुकडे एकात एक अडकवले की तारा होतो. या नादाची पुढे पुस्तके निघाली आणि छापखाने खास घड्यांसाठी चहाच्या वेष्टनांसारखे ताव छापू लागले.

ठशांचे माहेर मात्र जपान म्हणावे लागेल. तिथे नववर्षाची कार्डे पाठवण्याची रीत इतकी पक्की की 25 डिसेंबरपर्यंत पेटीत टाकलेली कार्डे टपालखाते राखून ठेवते आणि 1 जानेवारीला एकगठ्ठा घरपोच करते. घरात वर्षभरात मृत्यू झाला असेल तर ते कुटुंब कार्डे पाठवत नाही आणि तसे आधी कळवते. सुतकाच्या वर्षी दिवाळीचा सण न करणाऱ्या आपल्याकडच्या घरांना हे वेगळे समजावून सांगायला नको. या कार्डांवर राशिचक्रातला त्या वर्षाचा प्राणी उमटवायला घरोघरी बटाट्याचे ठसे कोरले जात. रिसो कंपनीने 1977 साली प्रिंट गोको नावाचे चिमुकले घरगुती छपाईयंत्र बाजारात आणले. दिव्याच्या लखलखाटाने त्यात जाळीचा साचा तयार होई आणि मग शंभर कार्डे सहज छापून होत. ते अफाट खपले. पण घरात संगणकाचे प्रिंटर आल्यावर त्याची मागणी ओसरली आणि 2008 मध्ये यंत्राची विक्री थांबली. बटाटा आणि खोडरबर मात्र टिकून राहिले. टीव्हीवरच्या कार्यक्रमांची तिखट समीक्षा लिहिणाऱ्या नान्सी सेकी (1962–2002) नामवंतांचे चेहरे साध्या खोडरबरावर कोरत आणि आपल्या लेखांसोबत छापत. खोडरबराचा ठसा आज जपानमध्ये स्वतंत्र कला म्हणून शिकवला जातो.

रबरी शिक्क्याचा जन्म कचेरीतला. चार्ल्स गुडइयरने रबर गंधकासह तापवून टिकाऊ करण्याची रीत शोधल्यानंतर, 1860च्या दशकात रबरी शिक्के बाजारात आले. शंभरेक वर्षे त्यांनी तारखा आणि पत्तेच छापले. विसाव्या शतकाच्या शेवटच्या तीस वर्षांत अमेरिकेत ते कलावंतांच्या आणि गृहिणींच्या हाती गेले. 1980 साली या छंदाला वाहिलेले रबरस्टॅम्पमॅडनेस नावाचे नियतकालिकही निघाले. आता लाकडी मुठीच्या लाल रबराबरोबर पारदर्शक ठसेही मिळतात. ते काचेसारख्या ठोकळ्यावर चिकटवायचे, म्हणजे ठसा नेमका कुठे पडतो ते दिसते.

शाईची निवड इथे सगळ्यात महत्त्वाची, आणि नवखे तिथेच चुकतात. पाण्यासारखी पातळ शाई कागदात मुरते, लगेच वाळते, पण उन्हात विटते. घट्ट शाई कागदावर बसते, उशिरा वाळते, रंग मात्र राखते. तिच्या या संथपणाचाच उपयोग करून ओल्या ठशावर बारीक भुकटी भुरभुरवतात, उरलेली झटकून पुन्हा डबीत भरतात आणि गरम हवेच्या झोताने वितळवतात. अक्षरे चकचकीत उठून येतात. लग्नपत्रिकेच्या महागड्या उठावाला हा घरगुती पर्याय आहे. खोडरबरावर देवनागरी अक्षरे कोरायची तर ती उलटी हवीत. त्यासाठी बटर पेपरवर मऊ पेन्सिलीने ‘शुभ दीपावली’ सरळ लिहावे, कागद पालथा घालून खोडरबरावर घासावा. अक्षरे आपोआप उलटी उतरतात. शिरोरेषा आधी मोकळी करावी, जोडाक्षरांच्या पोटातले कोपरे शेवटी.

महाराष्ट्रात ही विद्या शाळेने सांभाळली. कार्यानुभवाच्या तासाला ठसेकाम, कातरकाम, चिकटकाम ही नावे पिढ्यान् पिढ्या मुलांनी ऐकली. घोटीव कागद, पतंगाचा कागद, मैद्याची खळ, चॉकलेटची नखाने सपाट केलेली चांदी हे साहित्य. भेंडी देठाजवळ आडवी कापली की पाच-सहा पाकळ्यांचे फूल मिळते. कापलेली बाजू फडक्याने टिपून घेतली नाही तर चिकाने रंग फिसकटतो. कांद्याची वलये उमटतात, कोबीच्या अर्ध्या गड्ड्यातून झाड उभे राहते. ठशाची ओळख तर शाळेच्याही आधीची. गौरी येतात तेव्हा मूठ ओल्या पिठात बुडवून उंबऱ्यापासून पावले उमटवायची आणि बोटांच्या टोकांनी पाच बोटे टिपायची, हे कित्येक घरांत लहान मुलांकडेच असते.

कागदातही महाराष्ट्राला वारसा आहे. जुन्नरचा हातकागद पेशवाईत नावाजलेला, खुलताबादजवळच्या कागजीपुऱ्याचे तर नावच त्या धंद्यावरून पडलेले. पुण्यात 1940 साली के. बी. जोशी यांच्या पुढाकाराने हातकागद संस्था उभी राहिली. तिथला कागद सुती कापडाच्या चिंध्यांपासून बनतो, म्हणजे कार्डाचा पायाच उरलेल्या मालाचा. त्याच्या दातेरी कडा कापू नयेत, त्याच त्याचे रूप आहेत. पण त्याचा पोत खडबडीत असल्याने बारीक रेषांचा ठसा त्यावर तुटक उमटतो. जाड, ठसठशीत आकार घ्यावेत, नाहीतर गुळगुळीत कागदावर ठसा उमटवून, कापून, मग हातकागदावर चिकटवावा.

1979 हे साल भारतातल्या छापील कार्डांसाठी मोलाचे. त्या वर्षी दिल्लीत आर्चीज सुरू झाली, आणि मुंबईत रिप्पन कपूर व त्यांच्या सहा मित्रांनी पन्नास रुपयांच्या भांडवलावर क्राय ही संस्था काढली. वंचित मुलांसाठी निधी उभारताना तिने शुभेच्छापत्रांचा आधार घेतला. पुढची वीस-पंचवीस वर्षे दिवाळीत पोस्टमनच्या पिशवीत उघड्या पाकिटांचा ढीग असे. मग मोबाइल आला आणि तो ढीग बघता बघता आटला. त्या वर्षांतली जुनी कार्डे अजून पुष्कळ कपाटांत आहेत. तीच कापून नव्यांवर लावणारे आज अनेक आहेत. मुंबईत अब्दुल रेहमान स्ट्रीटवर आणि पुण्यात अप्पा बळवंत चौकात जाड कागद, टिकल्या, पंच आणि ठसे सगळे मिळते. परदेशातल्या मराठी घरांनाही एक सोय झाली आहे. अमेरिकेच्या टपालखात्याने 5 ऑक्टोबर 2016 रोजी पणतीचे दिवाळी तिकीट काढले, तेव्हापासून घरी केलेल्या कार्डाच्या पाकिटावरही दिवाळी लावता येते.

यंदा कार्ड करायला बसणाऱ्यांसाठी थोडा हिशेब. ए-4 आकाराच्या जाड कागदाचे दोन भाग करून प्रत्येक भाग मधोमध दुमडला की दोन कार्डे होतात, आणि ती 114 बाय 162 मिलिमीटरच्या पाकिटात बसतात. दुमडण्याआधी पट्टी ठेवून रिकाम्या रिफिलीने रेघ दाबावी. कागद दोन्ही दिशांनी हलका वाकवून पाहावा. ज्या दिशेला तो सहज वाकतो तिथे घडी स्वच्छ पडते, दुसऱ्या दिशेला कडा फाटते. 300 जीएसएमच्या कागदाचे असे कार्ड नऊ-साडेनऊ ग्रॅमचे होते, पाकीट चारेक ग्रॅमचे. टपालदराचा पहिला टप्पा 20 ग्रॅमचा, म्हणजे फुले, पट्ट्या, टिकल्या आणि गोंद मिळून सहा ग्रॅम हाताशी राहतात. उठावाचे काम वरच्या पानावर केले तर शिक्का मारताना ते चेपते. ते आतल्या घडीत करावे आणि वरचे पान ठशांसाठी सपाट ठेवावे.