फिल्टरचे पाणी ताकासारखे का दिसते?

गेल्या जानेवारीतील एका शनिवारी आमच्या न्यू जर्सीच्या घरात पाण्यावरून चांगलेच महाभारत घडले. आदल्या रात्री मी सिंकखालच्या फिल्टरचे कार्ट्रिज बदलले होते. साताऱ्याहून आलेल्या माझ्या आईने सकाळी सात महिन्यांच्या नातीची दुधाची पावडर कालवण्यासाठी त्या नळाचे पाणी ग्लासात घेतले आणि मला हाक मारली, "अरे, हे पाणी आहे की ताक? याच्यापेक्षा आपल्या गावचं नळाचं पाणी नितळ असतं. आणि यासाठी तू पैसे मोजलेस?"

ग्लास खरोखरच पांढुरका दिसत होता. सौ.ने ताबडतोब फर्मान काढले, "आजपासून बाळाला बाटलीचं पाणी." मी शिक्षणाने इंजिनियर आणि पेशाने सॉफ्टवेअरवाला. चालता प्रोग्रॅम बिघडला की "शेवटी काय बदललं?" हा आमचा पहिला प्रश्न असतो. इथे उत्तर सोपे होते, कार्ट्रिज. पण नवे कार्ट्रिज पाणी खराब कसे करील? या प्रश्नाच्या मागे लागून पुढच्या महिनाभरात मी जे शिकलो, ते वाचकांपुढे ठेवतो. आपल्यापैकी अनेकांच्या घरी असा फिल्टर आहे, आणि भारतातून येणारे आई-वडीलही आहेत!

ग्लास दोन मिनिटे ठेवून पाहा

पहिली गोष्ट केली ती अशी. काचेचा स्वच्छ ग्लास भरून काळ्या कपड्यासमोर ठेवला आणि घड्याळ लावले. अर्ध्या मिनिटात तळाशी पाणी स्वच्छ होऊ लागले. स्वच्छ पाण्याची रेघ हळूहळू वर सरकली आणि दोन-अडीच मिनिटांत सगळा ग्लास लख्ख झाला. तळाशी कणभरही गाळ नव्हता.

आपण लहानपणी गढूळ पाण्यात तुरटी फिरवलेली पाहिली आहे. तेव्हा गाळ खाली बसतो आणि पाणी वरून खाली निवळत जाते. इथे उलट घडले, पाणी खालून वर निवळले. म्हणजे पाण्यातली वस्तू खाली बसत नव्हती, वर उडून जात होती. ती वस्तू होती साधी हवा.

हवा पांढरी कशी दिसते?

खडीसाखरेचा खडा पारदर्शक असतो, पण त्याचीच पिठीसाखर पांढरीशुभ्र दिसते. साखर तीच. दळल्यावर तिला असंख्य बारीक पृष्ठभाग मिळतात, आणि त्यांवरून प्रकाश सर्व दिशांना विखुरला जातो. पाण्यातील हवेच्या सूक्ष्म बुडबुड्यांचेही तसेच. एकेक बुडबुडा पारदर्शक, पण लाखो एकत्र आले की दूध.

आता ही हवा आली कुठून? दोन वाटांनी. एक म्हणजे हिवाळा. पाणी जितके थंड, तितकी त्यात हवा अधिक विरघळते. शून्य अंश सेल्सिअसला एका लिटर पाण्यात सुमारे १४.६ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, २० अंशांना मात्र सुमारे ९ मिलिग्रॅमच. शिवाय घरातील नळाच्या पाण्यावर साधारण ४० ते ८० पीएसआय दाब असतो, आणि दाबाखाली वायू आणखी विरघळतो. जमिनीखालून येणारे गारठलेले पाणी नळातून बाहेर पडले की दाब एकदम उतरतो, मग घरात ते कोमट होऊ लागते, आणि न मावणारी हवा बुडबुडे होऊन बाहेर येते. गोटी सोड्याची बाटली फोडल्यावर होते तेच, फक्त फार सौम्य प्रमाणात.

दुसरी वाट खुद्द कार्ट्रिजची. त्यात सक्रिय कोळसा असतो. तो अतिशय सच्छिद्र असल्यामुळेच क्लोरिनचा वास आणि चव शोषून घेतो. नवे कोरडे कार्ट्रिज बसवताना या छिद्रांत आणि बाहेरच्या डब्यात हवा कोंडलेली असते. पाणी तिला थोडी थोडी करून बाहेर ढकलते. म्हणून कार्ट्रिज बदलल्यावर काही दिवस, कधी आठवडा-दोन आठवडेही पाणी पांढुरके येऊ शकते. सुरुवातीला कोळशाची काळी-करडी पूडही येते. यासाठीच सोबतच्या कागदावर "आधी इतके पाणी वाहून जाऊ द्या" असे लिहिलेले असते. तो कागद मी न वाचताच फेकला होता, हे इथे कबूल करतो.

प्रत्येक पांढरे पाणी हवेचे नसते

ग्लासाच्या या परीक्षेचे आणखी दोन निकाल असू शकतात.

तळाशी पांढरे कण बसले तर ते बहुधा कॅल्शियमचे क्षार असतात. ते कण वेगळे काढून त्यांवर थोडे व्हिनेगर घालावे. फसफसून विरघळले तर क्षारच. असे पाणी म्हणजे आपण ज्याला जड पाणी म्हणतो ते. त्यात डाळ लवकर शिजत नाही आणि साबणाला फेस येत नाही, पण पिण्यास त्याने अपाय होत नाही. साधा कोळशाचा फिल्टर हे क्षार काढत नाही. आईने खबरदारी म्हणून पाणी उकळले, तर पातेल्याच्या तळाशी पांढरा थर धरला आणि तिचा संशय दुप्पट झाला. वास्तविक उकळल्यामुळेच विरघळलेले क्षार घट्ट होऊन बाहेर पडले होते. बर्फ वितळल्यावर ग्लासात दिसणारे पांढरे कणही याच जातीचे.

तिसरा निकाल मात्र गंभीर. अर्धा तास ठेवूनही पाणी ना खालून निवळले ना वरून, किंवा त्याला रंग-वास आला, तर ते पिऊ नये आणि पाणीपुरवठा कार्यालयाला फोन करावा. १९९३ च्या वसंतात मिलवॉकी शहरात हेच दुर्लक्ष महागात पडले. शुद्धीकरण केंद्रातून निघणाऱ्या पाण्याचा गढूळपणा मार्चअखेरीस वाढला होता. त्याबरोबर क्रिप्टोस्पोरिडियम हा क्लोरिनला दाद न देणारा परजीवी घरोघर गेला आणि सुमारे ४ लाख लोक जुलाबाने आजारी पडले.

ज्यांच्या घरी खाजगी विहीर आहे त्यांना आणखी एक सूचना. विहिरीच्या पाण्यातला मिथेन वायूही असाच खालून वर निवळतो, आणि तो साठला तर पेट घेऊ शकतो. तुमचे बुडबुड्यांचे पाणी हवेचेच आहे असे गृहीत न धरता काउंटीच्या आरोग्य खात्याला विचारा.

फुकटच्या चाचणीची किंमत

दरम्यान सौ.ने दारात अडकवलेल्या एका जाहिरातीवरून "फुकट पाणी तपासणी" बोलावली. गृहस्थ सुटाबुटात आले. त्यांनी आमच्या नळाचे पाणी एका ग्लासात आणि स्वतःच्या आरओ यंत्राचे दुसऱ्यात घेतले, दोन्हींत धातूच्या कांड्या बुडवल्या आणि वीज सुरू केली. दोन मिनिटांत आमच्या ग्लासात तपकिरी गाळ तरंगू लागला. त्यांचे पाणी जसेच्या तसे. "हे तुमचं बाळ पितंय," ते म्हणाले. आईने तोंडाला पदर लावला. यंत्राची किंमत साडेतीन हजार डॉलर, हप्त्यांची सोय.

मी त्यांना एकच विनंती केली, "तुमच्या ग्लासात चिमूटभर मीठ घालून पुन्हा करता का?" त्यांनी आढेवेढे घेतले, तेव्हा मीठ मीच घातले. दोन मिनिटांत त्यांचे शुद्ध पाणी आमच्याहून काळपट झाले!

यात जादू काही नाही. कांड्या लोखंडाच्या असतात. पाण्यात क्षार असले की वीज वाहते, लोखंड झिजते आणि त्याचा गंज पाण्यात उतरतो. आरओच्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतात, म्हणून तिथे वीज वाहत नाही. तो गाळ आमच्या पाण्यातला नव्हता, कांडीचा होता. काही विक्रेते पाण्यात थेंब टाकून पांढरे पुंजके काढून दाखवतात. तेही निरुपद्रवी क्षारच असतात. आरओ यंत्र वाईट नाही. ते क्षार आणि शिसेही काढते, मात्र बरेच पाणी वाया घालवते. पण गरज सिद्ध झाल्याशिवाय साडेतीन हजार का घालवावेत?

नितळ पाण्याने दिलेला धक्का

इथे लेख संपला असता तर मी मिशीला पीळ देऊन बसलो असतो. पण मीठ घालताना माझ्या मनात आले की या पाण्याची खरी तपासणी आपण कधी केलीच नाही. आमचे घर १९५८ सालचे. अमेरिकेत पिण्याच्या पाण्याच्या नळजोडणीत शिशाचे डाग देण्यावर बंदी आली ती १९८६ मध्ये. मी राज्यमान्य प्रयोगशाळेकडून बाटल्या मागवल्या, रात्रभर नळ बंद ठेवून पहाटेचे पहिले पाणी भरले आणि पाठवून दिले. खर्च शंभर डॉलरच्या आत.

निकाल आला. साध्या नळाच्या पाण्यात शिसे ११ पीपीबी, फिल्टरच्या पाण्यात ९. पाणी दिसायला काचेसारखे! सरकारने पाणीपुरवठादारांसाठी ठरवलेली कारवाईची मर्यादा १५ पीपीबी होती, आणि २०२४ साली ती १० वर आणण्याचा नियम जाहीर झाला. पण ही बाळासाठी सुरक्षिततेची हद्द नव्हे. लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीसाठी शिशाची कोणतीही पातळी सुरक्षित मानली जात नाही.

मग फिल्टरने काय केले? त्याच्या खोक्यावर "एनएसएफ ४२" असे होते. हे मानक चव, वास आणि क्लोरिनपुरते आहे. शिशासाठी "एनएसएफ ५३" हवे, आणि त्याखाली शिशाचा स्पष्ट उल्लेख हवा. दोन वर्षे मी चवीचा फिल्टर आरोग्याचा समजून वापरत होतो. शिवाय घाईच्या वेळी आम्ही गरम नळाचे पाणी घेऊन दूध कालवत होतो. गरम पाण्यात शिसे अधिक उतरते, आणि उकळल्याने ते जात नाही. पाणी आटते, शिसे तेवढेच राहते.

मुलीच्या डॉक्टरांनी तिचे रक्त तपासले. अहवाल येईपर्यंतचे चार दिवस घरात कोणी मोठ्याने बोलले नाही. काळजीचे कारण नाही, असे त्यांनी सांगितले तेव्हा आईने देवापुढे साखर ठेवली. नवा, शिसे काढणारा फिल्टर बसवून पाणी पुन्हा तपासले, तेव्हा शिसे आढळले नाही.

थोडक्यात काय करावे

पाणी पांढुरके दिसले की आधी ग्लास ठेवून निवळण्याची दिशा पाहावी. नवे कार्ट्रिज कागदावर लिहिले असेल तितके धुऊन घ्यावे आणि बदलण्याची तारीख त्यावर लिहावी. नळाच्या तोंडाची जाळी अधूनमधून साफ करावी. तिच्यात शिशाचे कणही अडकतात. सकाळी थोडा वेळ गार पाणी वाहू द्यावे आणि स्वयंपाकाला, बाळाच्या दुधाला गार नळाचेच पाणी घ्यावे. पाणीपुरवठा संस्थेचा गुणवत्ता अहवाल दरवर्षी १ जुलैपर्यंत मिळतो, तो जाहिरातींबरोबर फेकू नये. मात्र तुमच्या घरातल्या नळांत काय आहे ते त्यात नसते. घर १९८६ पूर्वीचे असेल आणि घरात लहान मूल किंवा गर्भवती असेल तर आधी तपासणी करावी, मगच फिल्टर घ्यावा.

आई मार्चमध्ये साताऱ्याला परत गेली. परवा फोनवर म्हणाली, "इथे नळाला पांढरं पाणी आलं होतं. मी ग्लास ठेवून बघितला. खाली गाळ बसला. मग तुरटी फिरवली आणि नगरपालिकेत तक्रार करून आले."