राष्ट्रपती निवडणूक आणि दापोलीचे मत

● मतदार कोण? राष्ट्रपतीसाठी दापोलीकर थेट मतदान करत नाहीत. त्यांच्या वतीने निवडून आलेले आमदार-खासदार मत देतात.

● मतमूल्य : महाराष्ट्र विधानसभेच्या प्रत्येक आमदाराचे १७५, आधार १९७१ची लोकसंख्या.

● पक्षशिस्त : मतदान गुप्त असते, व्हिप (पक्षादेश) काढता येत नाही.

● २०२२ : जूनमध्ये शिवसेना फुटली. दापोलीचे आमदार योगेश कदम एकनाथ शिंदे यांच्यासोबत गेले. तरीही १८ जुलैच्या मतदानात दोन्ही गटांचा पाठिंबा द्रौपदी मुर्मू यांनाच होता.

● कौल : आमदार मात्र दापोलीकर थेट निवडतात. सलग पाच वेळा आमदार झालेल्या सूर्यकांत दळवींना दापोलीने २०१४मध्ये नाकारले, २०२४मध्ये फुटीनंतरही योगेश कदमांना पुन्हा निवडले. पक्षफुटीवर शेवटचा शब्द मतदाराचाच असायला हवा.