आपल्या बोलीचा अभ्यास करणारं विद्यापीठ

आमच्या गटातल्या एका ताईंची मुलगी पुण्याला बी.ए. करते. सुट्टीला आली ती गप्पगप्पच. खोदून विचारलं तेव्हा म्हणाली, "मी 'मी आलो', 'मी जातो' म्हटलं की पोरी हसतात. आपली भाषा चुकीची आहे का? मला पुढं शिकायचंच नाही."

तिला आम्ही पुण्यातल्याच एका विद्यापीठाची गोष्ट सांगितली. तीच आज तुम्हाला सांगतो.

येरवड्याला डेक्कन कॉलेज आहे. नावात कॉलेज असलं, तरी १९९० पासून ते अभिमत विद्यापीठ आहे, म्हणजे पदवी स्वतःच देतं. आपल्या शिवाजी विद्यापीठासारखा त्याचा पसारा नाही. विषय मोजकेच: पुरातत्त्व, भाषाशास्त्र, संस्कृत आणि कोशशास्त्र. त्याचं मूळ १८२१ सालच्या पाठशाळेत आहे. १९३९ मध्ये ते संशोधन संस्था म्हणून नव्यानं सुरू झालं, आणि तेव्हाच इरावती कर्वे तिथं शिकवू लागल्या. बर्लिनहून डॉक्टरेट घेऊन आलेल्या या बाईंनी अभ्यास कशाचा केला? नात्यांचा! कुठल्या प्रांतात कुणाला काय म्हणतात, कुणाशी सोयरीक चालते, याचा. आपण ज्याला घरच्या गप्पा म्हणतो, त्याचं त्यांनी शास्त्र केलं.

इथं घाई नसते. १९४८ साली संस्कृतचा मोठा शब्दकोश सुरू झाला. सुमारे दीड हजार ग्रंथांतून शब्द वेचून जवळपास एक कोटी चिठ्ठ्या लिहिल्या गेल्या. तीसहून जास्त भाग छापून झाले, तरी 'अ' काही संपलेला नाही.

कोल्हापूरशीही या कॉलेजचं नातं आहे. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीवर १९४५-४६ मध्ये त्यांच्याच संशोधकांनी उत्खनन केलं. याच टेकडीवर सापडलेली समुद्रदेवाची छोटी कांस्यमूर्ती टाऊन हॉलच्या संग्रहालयात आहे. दोन हजार वर्षांपूर्वी आपला व्यापार रोमपर्यंत जोडलेला होता, याची ती खूण. पोराबाळांना घेऊन एकदा बघून या.

आता त्या मुलीच्या प्रश्नाचं उत्तर. अलीकडं याच कॉलेजनं राज्य मराठी विकास संस्थेच्या साथीनं मराठीच्या बोलींचं सर्वेक्षण केलं. अभ्यासक गावोगाव गेले. माणसांना बोलतं करून नात्यांचे, घरातल्या वस्तूंचे शब्द त्यांनी ध्वनिमुद्रित केले. 'बरोबर बोला' असं कुणाला सांगितलं नाही. जसं बोलतात तसंच टिपून घेतलं. भाषाशास्त्रात बोली चुकीची नसते, वेगळी असते. बाईनं 'मी आलो' म्हणणं हा कोल्हापूरकडच्या बोलीचा नियमच आहे.

मैत्रिणींनो, बी.ए. झालेल्या मुलीला "आता पुढं काय?" असं विचारून लगेच स्थळं बघू नका. असाही एक रस्ता आहे. प्रवेशाची माहिती थेट कॉलेजकडून घ्या.

ती मुलगी परत गेली तेव्हा पिशवीत एक वही होती. कोरड्यास, माळवं, चुलवाण... आजीनं सांगितलेले शब्द तिनं त्यात लिहून नेलेत. निघताना दारातून म्हणाली, "येतो मी!"