चार अधिक आठ: लॅपटॉपमधली विजोड जोडी!

दोस्ता, कंपासपेटीतली पट्टी काढ बरं. तिच्यावर ७ सेंटिमीटर मोज. मोजलंस? बस्स, लॅपटॉपची रॅम, म्हणजे काम चालू असताना माहिती हाताशी धरणारी पट्टी, जेमतेम एवढीच लांब असते! रुंदी तर ३ सेंटिमीटर. पातळशी हिरवी पट्टी, तिच्यावर काळ्या चौकोनी चिप्स आणि एका काठाला सोनेरी दातांची रांग.

दात किती असतील, ओळख पाहू! वीस? पन्नास? छे! बऱ्याच पट्ट्यांवर दोन्ही बाजूंचे मिळून चक्क २६०!

या पट्ट्यांचं राज्य बघायचं असेल, तर मुंबईत ग्रँट रोड स्टेशनला पूर्वेला उतरायचं. गिरगावात राहणाऱ्यांना तर चालत जाता येतं. पाटीवर नाव दिसेल ‘डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग’. पण टॅक्सीवाल्याला ‘लॅमिंग्टन रोड’ म्हटलं की लगेच कळतं! शंभरेक वर्षांपूर्वीच्या एका गव्हर्नरसाहेबांचं हे नाव लोकांच्या तोंडून काही जात नाही. इथे वायरी, चार्जर, कीबोर्ड, स्क्रू आणि रॅमसुद्धा! एवढंसं दुकान, पण आत अख्खा कम्प्युटर सुटा सुटा मिळेल.

आता समज, तुझ्या ताईचा लॅपटॉप कासव झालाय. ती म्हणते, “रॅम वाढवायला हवी.” मागचं झाकण उघडलं. आत रॅमसाठी दोन जागा, म्हणजे स्लॉट. एकात ४ जीबीची पट्टी (जीबी म्हणजे किती माहिती मावते, त्याचं माप), दुसरा रिकामा. वा, जागा आहे की! पण दुकानदार म्हणतात, “हिच्या जोडीची ४ची नाही. ८ची आहे, दुसऱ्या कंपनीची. आणि हिच्यापेक्षा फास्ट आहे. चालेल?”

चालेल का रे? एक चारची, एक आठची. एक हळू, एक जलद. आणि कंपनीसुद्धा वेगळी!

तर गंमत ऐक. बहुतेक वेळा चालते! कशी, ते बघायला आपण जरा वर्गात जाऊ.

बाई वह्या तपासतायत. बाई म्हणजे लॅपटॉपचा प्रोसेसर, सगळा विचार करणारा! वर्गाच्या वह्या ठेवल्यात तळमजल्यावरच्या कपाटात. ते कपाट म्हणजे लॅपटॉपची डिस्क. दर वहीसाठी जिना उतरायचा? दमछाकच की! म्हणून बाईंच्या शेजारी दोन मॉनिटर उभे आहेत, हातात वह्या घेऊन तयार. हे मॉनिटर म्हणजे रॅमच्या दोन पट्ट्या. बंड्याच्या हातात मावतात ४ वह्या, चिंगीच्या हातात ८.

बाई टाळी वाजवतात. टाळी वाजली की दोघांनी एकाच वेळी एकेक वही पुढे करायची. एका टाळीत दोन वह्या! एकट्या मॉनिटरच्या दुप्पट काम. लॅपटॉपमध्ये याला ‘ड्युअल चॅनल’ म्हणतात.

पण बंड्याच्या वह्या चारच. त्या संपल्या की? चिंगीकडे अजून चार उरल्यात ना! मग त्या ती एकटीच देते, एका टाळीला एक. म्हणजे ४ आणि ४ची जोडी जोरात पळते आणि वरची ४ जरा सावकाश. बऱ्याच लॅपटॉपना हे आपोआप जमतं. वह्या मात्र बाराच्या बारा हाताशी! एकही वाया नाही.

आणि वेगाचं काय? चिंगी चपळ आहे, बंड्या निवांत. बाईंनी चिंगीच्या वेगाने टाळ्या वाजवल्या, तर बंड्याच्या हातून वह्या पडतील. म्हणून बाई बंड्याच्या वेगाने टाळ्या वाजवतात. चिंगीला थांबावं लागतं. तिला राग येत असेल का? असू दे! काम बिनचूक होणं महत्त्वाचं.

आता आकडे सांगू? घट्ट बस! पट्टीवरच्या स्टिकरवर ‘पीसी४-२४००’ किंवा ‘पीसी४-३२००’ असं काहीतरी छापलेलं असतं. ३२०० म्हणजे पट्टीला जोडलेल्या प्रत्येक तारेतून सेकंदाला ३२० कोटी वेळा माहिती जाऊ शकते. कोटी! आणि २४०० म्हणजे २४० कोटी वेळा. दोन्ही एकत्र लावल्या की दोघी २४० कोटींवर येतात. आपला ‘निवांत’ बंड्यासुद्धा असा आहे बघ!

पण थांब. लॅपटॉपला कसं कळतं, की कोण चारची, कोण आठची, कोण किती वेगाची?

विचारून! खरंच! प्रत्येक पट्टीवर मोठ्या चिप्सच्या मध्ये एक अगदी चिमुकली चिप असते. तिच्यात त्या पट्टीची माहिती असते. मी किती जीबीची, माझा वेग किती, मला मध्ये किती उसंत लागते, सगळं! बटण दाबलं, की लॅपटॉप पहिल्यांदा दोन्ही पट्ट्यांची ही ओळखपत्रं वाचतो आणि दोघींना झेपेल असा वेग ठरवतो. तुला अजून पडद्यावर काही दिसायचंही असतं, तेवढ्यात हे उरकतं.

कधी कधी मात्र नवी पट्टी लावल्यावर पहिल्या वेळी पडदा बराच वेळ काळा राहतो. घाबरायचं नाही! लॅपटॉप तारांमधून जाणारी माहिती बरोबर कुठल्या क्षणी पकडायची, ते जुळवत असतो. पुढच्या वेळी एवढा उशीर लागत नाही.

मग काय, कुठलीही पट्टी कुठेही चालेल? मुळीच नाही! रॅमच्या पिढ्या असतात. डीडीआर३, डीडीआर४, डीडीआर५. पिढी वेगळी, तर जोडी नाही म्हणजे नाहीच. सोनेरी दातांच्या रांगेत एक खाच असते बघ. ती प्रत्येक पिढीत वेगळ्या ठिकाणी असते. लॅपटॉपच्या डीडीआर३ला दात २०४, डीडीआर४ला २६०, डीडीआर५ला २६२. विजेचा दाबही वेगळा. डीडीआर३ला साधारण दीड व्होल्ट, डीडीआर४ला १.२. चुकीची पट्टी बसू नये, म्हणूनच ती खाच! बसत नसेल तर जोर लावायचा नाही. बरोबर पट्टी तिरकी आत सरकवली आणि हलकेच खाली दाबली, की दोन्हीकडच्या क्लिपा ‘टक्’ करतात. (हे काम मोठ्यांबरोबरच. चार्जर काढून, लॅपटॉप पूर्ण बंद करून.)

कधी कधी पिढी एक असूनही दोन पट्ट्यांचं पटत नाही. लॅपटॉप बीप बीप करतो, नाहीतर सुरूच होत नाही. मग रिपेअरवाले दादा काय करतात? एकेक पट्टी एकटी लावून बघतात. आणि दातांवर मळ दिसला, तर कधी चक्क खोडरबर काढतात! तुझ्या कंपासपेटीत असतो तसाच! सोनेरी दात हलक्या हाताने पुसतात, कचरा झटकतात आणि पट्टी परत लावतात. खूपदा तेवढ्यानेच काम होतं.

आता सगळ्यात मोठी जादू. पट्टीच्या पोटात असतं काय?

विजेचे इवले इवले साठे! साठा भरलेला असेल तर १, रिकामा असेल तर ०. एक साठा आणि त्याला एक बारीक स्विच, बस्स. ही युक्ती आयबीएम कंपनीतल्या रॉबर्ट डेनार्ड यांना सुचली. १९६८मध्ये तिचं पेटंट मिळालं. ८ जीबीच्या पट्टीत असे साठे किती? ६,८७१ कोटींहून जास्त! जगात माणसं आहेत त्याच्या आठपट! आणि सगळे तुझ्या त्या ७ सेंटिमीटरमध्ये.

पण साठे गळके असतात, बरं का! भरलेली वीज हळूहळू निसटते. म्हणून प्रत्येक साठा ६४ मिलिसेकंदांच्या आत वाचून परत भरावा लागतो. म्हणजे सेकंदाला निदान १५ वेळा! तू हे वाक्य वाचेपर्यंत ६,८७१ कोटी साठे कितीतरी वेळा पुन्हा भरून झाले. आणि लॅपटॉप बंद केला की? सगळं विसरलं! म्हणून तर चित्र काढून झालं की ‘सेव्ह’ करायचं असतं.

आणि माहितीये का, आपल्या मुंबईतच एक यंत्र होतं, जे वीज गेल्यावरही विसरत नसे! त्याचं नाव टिफ्रॅक. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या लोकांनी हा कम्प्युटर स्वतः बांधला. १९६०मध्ये तो कामाला लागला. १९६२मध्ये पंडित नेहरूंनी त्याचं नामकरण केलं. त्याच्या रॅममध्ये चिप नव्हतीच! होत्या चुंबकाच्या बारीक बारीक कड्या, तारांमध्ये ओवलेल्या. कडीतलं चुंबकत्व एका दिशेने फिरलं की १, उलट फिरलं की ०. बटण बंद केलं तरी कडी आपली तशीच!

त्यात २,०४८ ‘शब्द’, म्हणजे माहितीचे तुकडे, मावायचे, प्रत्येक शब्दाला ४० कड्या. गुणाकार करून बघ. ८१,९२० कड्या. म्हणजे फक्त १० केबी! (केबी हे जीबीचं चिमुकलं भावंड.) ताईच्या ८ जीबीच्या पट्टीएवढी जागा हवी, तर असे ८ लाखांहून जास्त टिफ्रॅक लागतील. नजर पोहोचेल तिथपर्यंत कड्याच कड्या!

आता तुझा प्रश्न मला ऐकू येतोय. ताईने काय घ्यावं? ती आठची विजोड पट्टी, की शोधून शोधून जोडीची चारची? मला विचारशील तर आठची! हाताशी १२ वह्या आणि टाळी थोडी सावकाश, हे ८ वह्यांपेक्षा पुष्कळ बरं. वह्या कमी पडल्या की तळमजल्याच्या कपाटाकडे धाव घ्यावी लागते ना! खरा वेळ त्या जिन्यातच जातो. नव्या, मोठ्या गेम खेळणारा दादा मात्र म्हणेल, “नाही, दोन्ही सारख्याच हव्यात.” त्याचंही खरं. गेममध्ये प्रत्येक टाळीला दोन वह्या लागतात.

घरी विंडोज असलेला लॅपटॉप आहे? मोठ्यांना विचारून कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाब. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात परफॉर्मन्स, मग मेमरी. तिथे वेग लिहिलेला असतो, आणि किती स्लॉट भरलेत तेही. ‘२ पैकी १’ दिसलं का? मग तुमच्या लॅपटॉपमध्ये बंड्या एकटाच उभा आहे!