घोरणे : गाढ झोप की धोक्याची सूचना?

जो घोरतो त्याला गाढ झोप लागली आहे, अशी आपली समजूत असते. पुष्कळदा वस्तुस्थिती नेमकी उलट असते. घोरता घोरता माणूस एकाएकी निःशब्द होतो. छाती हलते, पण श्वास आत जात नाही. काही वेळाने गुदमरल्याप्रमाणे दचकून तो श्वास घेतो. घरच्या माणसांना हे दिसते. ज्याला होते त्याला सकाळी काहीच आठवत नाही. या विकारास ‘स्लीप ॲप्निया’, अर्थात निद्रेतील श्वासरोध, असे म्हणतात.

झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, जीभ मागे सरकते व श्वासमार्ग बंद होतो. किमान १० सेकंद टिकणारे असे पूर्ण वा अंशतः रोध मोजले जातात. तासाला ५ ते १५ रोध असल्यास विकार सौम्य, १५ ते ३० असल्यास मध्यम व त्याहून अधिक असल्यास तीव्र समजतात. प्रत्येक रोधात रक्तातील प्राणवायू घटतो, मेंदू खडबडून जागा होतो व रक्तदाब चढतो. त्यामुळे हा विकार घशापुरता राहत नाही. उच्च रक्तदाब, हृदयविकार, पक्षाघात व मधुमेह यांच्याशी त्याचा संबंध आढळतो. दिवसा डुलक्या येतात. वाहनचालकाची एक डुलकी इतरांच्याही जिवावर बेतू शकते.

१९८१ साली ऑस्ट्रेलियातील डॉ. कॉलिन सलिव्हन यांनी नाकावाटे दाबाने हवा देणारा उपचार प्रसिद्ध केला. रोध थांबविण्यात तो आजही सर्वांत प्रभावी आहे. परंतु अनेकांना मुखवटा रात्रभर सोसवत नाही. शिवाय त्यास वीज लागते. अशांना, तसेच सौम्य व मध्यम विकार असलेल्यांना, मुखसाधन उपयोगी पडते. दातांच्या मापाने बनविलेले हे कवळीसारखे साधन खालचा जबडा किंचित पुढे धरते. जबड्याबरोबर जीभ पुढे येते व श्वासाची वाट मोकळी राहते.

सिडनी येथे २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दोन्ही उपचारांची प्रत्येकी एक महिना तुलना करण्यात आली. यंत्राने रोध अधिक थांबले. मात्र रुग्णांनी मुखसाधन अधिक तास वापरले. परिणामी दिवसाची झोपाळूपणाची तक्रार दोहोंनी सारखीच कमी झाली. ज्यांचा रक्तदाब मुळात वाढलेला होता, त्यांचा तो दोन्ही उपचारांनी २ ते ४ मिलिमीटर उतरला.

हा लाभ माफक आहे. रक्तशर्करा निश्चित उतरते असे सिद्ध झालेले नाही. म्हणून रक्तदाबाची वा मधुमेहाची औषधे आपल्या मनाने बंद करू नयेत. साधनामुळे प्रारंभी लाळ सुटते, जबडा दुखतो; दीर्घकाळाने दातांची ठेवण बदलू शकते. म्हणून आधी डॉक्टरांकडून झोपेची तपासणी, नंतर प्रशिक्षित दंतवैद्याकडून साधन व पुढे नियमित देखरेख, हा क्रम सोडू नये. वजन आटोक्यात ठेवणे व मद्य टाळणे हेही उपचाराचेच अंग होय.

रुग्णाला स्वतःचा श्वास थांबलेला कळत नाही. तो कळतो शेजारी जागणाऱ्याला. त्याने ही गोष्ट हसण्यावारी न नेता डॉक्टरांच्या कानी घालावी. उपचाराचा प्रारंभ तेथूनच होतो.